जुन्या ईमेलचे जतन आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

१

केळझर हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील, नागपूर–वर्धा मार्गावरील जुने गाव होय. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराचा वध केला तोही येथेच, अशी तेथील परंपरा आहे. हाच मान खानदेशातील एरंडोलही आपल्याकडे घेते. अशा वादात श्रद्धेचे समाधान परंपरेने होते. इतिहासाचे मात्र होत नाही, कारण त्याला निर्णयासाठी लेख लागतो आणि त्या लेखाच्या विश्वसनीयतेची खातरजमा लागते.

प्राचीन काळाविषयी लेखाचा अभाव समजण्यासारखा आहे. परंतु अलीकडच्या तीस वर्षांविषयीही उद्याच्या अभ्यासकावर हीच पाळी येण्याचा संभव आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. त्यानंतर गावातून नागपूर-पुण्यास व परदेशी गेलेल्यांची घरची पत्रे, संस्थांचा पत्रव्यवहार, लेखक-संपादकांची देवघेव, हे सर्व हळूहळू कार्ड-पाकिटांतून निघून ईमेलमध्ये गेले. वि. का. राजवाडे यांना दप्तरे सापडली ती वाड्यांच्या माळ्यांवर व अडगळीत. कागदाची उपेक्षा झाली तरी काही कागद उरतो. ईमेलचे तसे नाही. खाते बंद झाले, संकेतशब्द धन्याबरोबर गेला अथवा जुना संगणक मोडीत निघाला, की पत्रव्यवहार एकदमच नाहीसा होतो. यास्तव ईमेल जपावयाची तर ती बुद्ध्या जपावी लागते, आणि तसे करू जाणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न येतो तो हा की, ती कोणत्या फाइल-फॉरमॅटमध्ये ठेवावी?

हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा मानून साहित्याचे व इतिहासाचे अभ्यासक बाजूला होतात. ही समजूत बरोबर नाही. फॉरमॅटची निवड करताना पत्राचा कोणता भाग टिकावा आणि कोणता जावा, याचा निर्णय नकळत होत असतो. हा निर्णय मूलतः पाठचिकित्सेचा आहे. मराठी पत्रव्यवहाराच्या बाबतीत तर तो इंग्रजी पत्रव्यवहाराहून अधिक कठीण आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

पत्रसंग्रह एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना काय घडते याचे एक बोधप्रद उदाहरण उपलब्ध आहे, आणि त्याचा संबंध केळझरच्याच जिल्ह्याशी येतो. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य सेवाग्रामला होते. तेथून त्यांनी पाठविलेली पुष्कळ पत्रे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी ग्रंथमालेत समाविष्ट झाली. भारत सरकारने काढलेल्या या मालेचा पहिला खंड १९५८ साली निघाला आणि १९९४ साली शंभर खंड पूर्ण झाले. प्रा. के. स्वामिनाथन यांच्या संपादनाखाली या मालेला जी प्रतिष्ठा लाभली, तिचे एक कारण असे की, पत्र मूळ प्रतीवरून घेतले, छायाप्रतीवरून घेतले, की छापील मजकुरावरून घेतले, याचा निर्देश त्या त्या पत्राखाली केलेला असे.

१९९९ साली हेच वाङ्मय सीडीवर आले आणि त्याच सुमारास सुधारित छापील आवृत्तीही निघाली. नव्या आवृत्तीत नोंदींचा क्रम व खंडांची विभागणी बदलली होती आणि मूळ मालेतील अनेक नोंदी गळल्या होत्या. जुन्या खंडांच्या आधारे दिलेले संदर्भ नव्या आवृत्तीत जुळेनासे झाले. अभ्यासकांनी आक्षेप घेतले, आणि अखेर २००५ साली शासनाने सुधारित आवृत्ती मागे घेतली. पुढे मूळ शंभर खंड प्रमाण धरून गुजरात विद्यापीठाच्या सहकार्याने इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तयार करण्यात आली व ती २०१५ साली प्रसिद्ध झाली.

या प्रकरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. माध्यमांतर हे केवळ पात्रांतर नव्हे. त्यात संपादन होतच असते, मग ते कोणी जाणून करो वा न करो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सीडीतील उणिवा उघडकीस आल्या, त्या जुने छापील खंड ताडून पाहण्यास उपलब्ध होते म्हणून. मूळ प्रत नष्ट करून केवळ नवी ठेवली असती, तर नवीच प्रमाण ठरली असती. सर्व ईमेल नव्या फॉरमॅटमध्ये उतरवून जुन्या फाइली पुसून टाकणाऱ्या संस्था नेमका हाच धोका पत्करतात.

३

फॉरमॅटांची तुलना करण्यापूर्वी ईमेलचे मूळ रूप ध्यानात घेतले पाहिजे. पडद्यावर दिसते ते पत्राचे मूळ रूप नव्हे. आरएफसी ८२२ या १९८२ च्या प्रमाणपत्रकाने ठरविल्याप्रमाणे पत्राचे दोन भाग असतात: वर शीर्ष, मग एक कोरी ओळ, आणि खाली मजकूर. शीर्षात प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक व विषय यांखेरीज पत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. पत्र उत्तरादाखल असेल तर ज्या पत्राचे ते उत्तर, त्याचाही क्रमांक बहुधा असतो. वाटेत प्रत्येक सर्व्हर आपली वेळेसह नोंद शीर्षात वरच्या बाजूस जोडीत जातो. टपाल कार्यालयांचे शिक्के पाकिटावर पडावेत, तसाच हा प्रकार होय. शिक्क्यांवरून पत्राचा काळ ठरविणाऱ्या संशोधकाला या ओळींचे मोल सांगावयास नको.

हे मूळ प्रमाणपत्रक इंग्रजी लिपीपुरते होते. इतर लिप्या व जोडपत्रे यांची सोय १९९२ साली निघालेल्या माइम या पद्धतीने झाली. परकी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवावयाची आणि दुसऱ्या टोकास त्यांचा वेष उतरवावयाचा, असे तिचे तत्त्व आहे. एक उदाहरण पाहू. 'केळझर' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत: क, एकाराची मात्रा, ळ, झ आणि र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १५ बाइट झाले. माइमच्या बेस-६४ या रीतीने त्यांची २० इंग्रजी अक्षरे होतात, तर कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या रीतीने ४५. वेष कोणता आहे आणि आतील सांकेतिक पद्धती कोणती आहे, हे शीर्षातील दोन ओळींत सांगितलेले असते. त्या ओळी गेल्या की उरलेल्या अक्षरांवरून 'केळझर' हा शब्द वाचणे सामान्य वाचकास अशक्य होते.

कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार, जेथे अभिलेख ठराविक मुदतीपर्यंत ठेवणे बंधनकारक आहे, तेथे तो इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवावयाचा असल्यास तीन अटी पाळाव्या लागतात. तो पुढेही पाहता आला पाहिजे. ज्या फॉरमॅटमध्ये तो निर्माण झाला, पाठविला गेला वा मिळाला त्यातच, अथवा मूळ माहिती अचूक दर्शविते असे सिद्ध करता येईल अशा फॉरमॅटमध्ये तो असला पाहिजे. आणि उगम, गंतव्य व पाठविल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ ओळखता येईल असा तपशील त्यात राहिला पाहिजे. पाठचिकित्सेची कसोटी आणि विधीची कसोटी येथे जवळजवळ एकच आहे.

४

या कसोटीवर प्रचलित फॉरमॅट तपासता येतील.

कचेऱ्यांतून सर्वांत लोकप्रिय मार्ग म्हणजे पत्राची पीडीएफ काढून ठेवणे. त्यामागील युक्तिवाद असा की, पीडीएफ कोणालाही उघडता येते आणि पत्र जसे दिसले तसेच राहते. त्यातही पीडीएफ-ए हा प्रकार २००५ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि त्यात अक्षरांचे फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावे लागतात. हा गुण मोठा आहे, व त्याचा विचार पुढे येईल. परंतु पडद्यावरील पत्राची पीडीएफ काढताना शीर्षाचा बहुतांश भाग गळतो. जोडपत्रांची केवळ नावे उरतात. देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी एक दोष संभवतो: पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या व त्यांच्या जागा साठविते, त्यामुळे मजकूर उचलून घेताना ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते व जोडाक्षरे फुटतात. दिसण्यात शुद्ध असलेले पान शोधयंत्राला अशुद्ध असू शकते.

दुसरा फॉरमॅट आउटलुकचा पीएसटी. त्यात हजारो पत्रे, जोडपत्रे व कप्पे एकाच फाइलमध्ये मावतात, ही त्याची सोय. परंतु आउटलुक आलेल्या पत्राचे घटक सुटे करून आपल्या रचनेत भरते. पत्राचे मूळ बाइट जसेच्या तसे त्यात राहत नाहीत. शिवाय २००३ च्या आउटलुकपूर्वीच्या पीएसटी फाइलींना दोन गिगाबाइटची मर्यादा होती, आणि ती ओलांडलेल्या फाइली बिघडत असत. या फॉरमॅटची रचना मायक्रोसॉफ्टने २०१० साली प्रसिद्ध केली, त्यामुळे तो आज पूर्णपणे बंदिस्त म्हणता येणार नाही. तथापि एका कंपनीच्या एका प्रोग्रामसाठी घडविलेली ही चीज आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरा एमबॉक्स. युनिक्स प्रणालीतून आलेला हा साधा फॉरमॅट होय. सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये एकापाठोपाठ लिहिलेली असतात. गूगलच्या टेकआउट सेवेतून खाते उतरवून घेतल्यास जीमेलची पत्रे याच फॉरमॅटमध्ये मिळतात. याचा दोष सीमारेषेत आहे. 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द व त्यापुढे मोकळी जागा अशी ओळ आली की नवे पत्र सुरू झाले, असा येथे संकेत आहे. मग मजकुरातच अशी ओळ आली तर काय करावे? अनेक प्रोग्राम तिच्या आरंभी एक कोनचिन्ह घालतात. हे चिन्ह लेखकाचे की लेखनिकाचे, हे नंतर नेहमीच ठरविता येते असे नाही. एमबॉक्सच्या निरनिराळ्या शाखा हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने सोडवितात, आणि २००५ च्या आरएफसी ४१५५ नंतरही त्यांत एकवाक्यता झालेली नाही. पोथीच्या नकलाकाराने समासातील अक्षर संहितेत आणावे, तसा हा प्रक्षेप आहे. एका चिन्हाने अर्थ बदलत नाही हे खरे. परंतु पाठविणाऱ्या सर्व्हरने पत्रावर अंकीय स्वाक्षरी केलेली असल्यास, मजकुरातील एवढ्या बदलानेही ती जुळत नाही, आणि पत्राच्या अस्सलपणाचा एक पुरावा हातचा जातो.

चौथा ईएमएल. येथे एका पत्राची एक फाइल असते, आणि तिच्यात पत्र मूळ शीर्षासह व माइमच्या वेषासह असते तसे ठेवलेले असते. फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडते, आणि जोडपत्रे तिच्यातच असतात. सीमारेषेचा प्रश्न येत नाही, म्हणून प्रक्षेपाचेही कारण उरत नाही. फाइलींची संख्या हजारोंत जाते आणि मूळ कप्प्यांची मांडणी वेगळी जपावी लागते, एवढीच गैरसोय. मूळ प्रत म्हणून ठेवण्यास या चारांत ईएमएल श्रेष्ठ ठरतो. जेथे संग्रह एमबॉक्समध्येच हाती आला असेल, तेथे तो एमबॉक्स तसाच राखून त्यावरून ईएमएल काढावेत. कारण त्या संग्रहापुरती एमबॉक्स हीच उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत असते.

५

इंग्रजी पत्रव्यवहारापुरता विचार येथे संपला असता. मराठीच्या बाबतीत खरी अडचण येथूनच सुरू होते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे राष्ट्रीय प्रमाणही १९९१ चेच. तरीही पुढील दशकभर व त्यानंतरही पुष्कळसे मराठी लेखन या दोहोंना डावलून झाले. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा संचांतील फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. फाइलमध्ये साठत असे ते इंग्रजी वा युरोपीय अक्षर; पडद्यावर दिसे ते मराठी. कोणत्या अक्षरामागे कोणती आकृती, हा संकेत प्रत्येक संचात वेगळा होता. अशा फॉन्टात लिहिलेले पत्र ईमेलने गेले की, त्याचे शीर्ष मजकूर पाश्चात्त्य लिपीत असल्याचे सांगे. एचटीएमएल पत्रात निदान फॉन्टचे नाव नोंदलेले असे. साध्या मजकुराच्या पत्रात तेही नसे. प्राप्तकर्त्याने फॉन्ट स्वतः निवडून पत्र वाचावयाचे.

या पत्रांना वरील निर्णय लावून पाहिला असता त्याची मर्यादा कळते. ईएमएल अशा पत्राचा एकही बाइट बिघडू देत नाही. पण तो बाइट म्हणजे कोणते मराठी अक्षर, हे त्याला ठाऊकच नाही. पत्र अक्षरशः टिकले आणि वाचता मात्र आले नाही, अशी स्थिती होते. उलट ज्या संगणकावर तो जुना फॉन्ट अजून आहे, तेथे काढलेली पीडीएफ-ए प्रत त्या आकृत्या स्वतःत सामावून घेते. मजकूर उचलला तर हाती निरर्थक इंग्रजी अक्षरेच येतात, परंतु डोळ्यांना मराठी वाचता येते. एकाने संहिता राखली, दुसऱ्याने वाचन राखले. इंग्रजीच्या संदर्भात ज्या पीडीएफला गौण म्हणावे लागले, तिला मराठीच्या या कालखंडापुरते साक्षीदाराचे स्थान द्यावे लागते. परदेशी ग्रंथालयांच्या शिफारशी जशाच्या तशा उचलून येथे भागणार नाही, ते याच कारणाने.

मग सर्व जुनी पत्रे युनिकोडमध्ये उतरवून घेतली म्हणजे झाले, असा तिसरा पक्ष पुढे येतो. शोध व अभ्यास यांसाठी हे रूपांतर अवश्यच आहे. मात्र त्याला मूळ पाठाचे स्थान देता येणार नाही. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' या दोन रूपांचे उदाहरण व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. पहिले स्वयंपाक्याविषयी, दुसरे गुरूविषयी. यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. त्यांपैकी एका रीतीत र व हलन्तचिन्ह यांनंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने हे अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले की, स्वयंपाक्याचा गुरू होतो, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहिल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. 'ॲ' या अक्षराची कथाही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वीच्या पत्रांत तो 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. दोन्ही रूपे दिसावयास सारखी, पण यंत्राला भिन्न. अशा ठिकाणी जुने रूप मुकाट्याने बदलणे म्हणजे पोथीतील जुनी लेखनपद्धती आजच्या नियमांनी सुधारून तीच मूळ म्हणून छापण्यासारखे आहे.

६

मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शतकानुशतके टिकल्या. परंतु संकेत पंथाबाहेर कोणास ठाऊक नसल्यामुळे प्राचीन मराठी गद्याचे हे भांडार इतरांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी लिपीचा उलगडा झाला, आणि मग मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. 'लीळाचरित्रा'च्या बाबतीत तर मूळ प्रतच हरपली आणि स्मरणावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. त्यामुळे पाठभेदांचा प्रश्न कायमचा मागे राहिला. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना जे परिश्रम पडले, त्यांचे मूळ या दोन गोष्टींत आहे: संकेत गुप्त राहिला आणि मूळ प्रत राहिली नाही.

सकळ लिपीचा संकेत निदान हेतुपुरस्सर होता आणि पंथाने तो परंपरेने सांभाळला. जुन्या मराठी फॉन्टांचा संकेत कोणीही सांभाळण्याचे पत्करलेले नाही. ते संच वापरलेली माणसे आज हयात आहेत, काही संगणकांवर ते फॉन्ट अजून चालतात आणि कोणत्या पत्रलेखकाने कोणता फॉन्ट वापरला हे सांगणारे मिळतात. आणखी एका पिढीने हे तिन्ही आधार उरतीलच असे म्हणवत नाही.

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा. कोणताही एक फॉरमॅट मराठी ईमेल-संग्रहास पुरत नाही. परस्परांस पूरक अशा तीन प्रती लागतात. पहिली, मूळ प्रत: ईएमएल, आणि ती ज्या एमबॉक्स वा पीएसटीमधून काढली ती फाइलही, कोणताही बदल न करता. दुसरी, दर्शनप्रत: जुन्या फॉन्टातील पत्रांची, तो फॉन्ट असलेल्या संगणकावर काढलेली पीडीएफ-ए. २०१२ पासून प्रचारात आलेल्या पीडीएफ-ए-३ या प्रकारात मूळ ईएमएल फाइल आत जोडूनही ठेवता येते. तिसरी, वाचनप्रत: युनिकोडमधील रूपांतर, परंतु ते कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या दिवशी व कोणत्या फॉन्टवरून केले याच्या नोंदीसह. या तिन्हींबरोबर फॉन्टची अक्षरसूची, म्हणजे कोणत्या सांकेतिक अंकास कोणती आकृती याचा तक्ता, साध्या मजकुरात लिहून ठेवावा. प्रत्येक फाइलची अंकीय मुद्रा काढून तिची यादी संग्रहात ठेवावी, म्हणजे पुढे फाइलमध्ये फरक पडल्यास तो कळेल. बॅगइट या २०१८ च्या प्रमाणपत्रकात अशा यादीची सोपी रीत दिलेली आहे, आणि तिला कोणताही महागडा प्रोग्राम लागत नाही.

हे काम खर्चाचे नाही, परंतु त्यास दोन प्रकारचे ज्ञान एकत्र यावे लागते. फाइलींची रचना जाणणारा 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' यांतील भेद ओळखील असे नाही, आणि तो भेद ओळखणारा बहुधा फाइलींकडे वळत नाही. मराठी विभागांतून पाठचिकित्सेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला हस्तलिखितांबरोबरच एखाद्या जुन्या पत्रपेटीच्या तिन्ही प्रती सिद्ध करण्याचे काम दिले, तर त्याला पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकदोष, प्रतींची वंशावळ या सर्व संज्ञा तेथे जिवंत भेटतील. पत्रे खाजगी असल्यामुळे धन्याची अनुमती घेणे आणि काही काळ संग्रह बंद ठेवणे अर्थातच आवश्यक आहे. एकचक्रानगरीचा निर्णय केळझरला कदाचित कधीच मिळणार नाही. परंतु त्या गावातील माणसे १९९५ नंतर एकमेकांना काय लिहीत होती, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याजोगे ठेवणे अजून हाती आहे, आणि ते जुने फॉन्ट चालणारे संगणक मोडीत निघण्यापूर्वीच करावे लागेल.